बाबांच्या खुंट्या

आमच्या घरात भिंतभर खुंट्या आहेत आणि शर्ट टांगायला एकही जागा नाही. लहानपणी मी एकदा शाळेचं दप्तर तिसऱ्या खुंटीला अडकवलं, तर बाबांनी ते उचलून थेट ओटीवर भिरकावलं. "तितं कलारनेट हाय. दिसत नाय?" म्हणाले. मी डोळे फाडून बघितलं. तिथे काहीच नव्हतं. कलारनेट, म्हणजे बाबांचं क्लॅरिनेट, माझ्या जन्माआधीच बोरघाटात वरातीच्या टेंपोतून पडून मागच्या ट्रकखाली गेलं होतं.

माझे बाबा, दशरथ, म्हणजे काही मोठे कलावंत नव्हेत. शिळफाट्यावरून जीपने यावं लागतं अशा खालापुरातल्या आमच्या गावात त्यांची थोडी भातशेती, खोपोलीच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम, आणि लग्नसराई आली की वाजवणं. कारखान्यात ते कोणाच्या लक्षात राहिले नसतील. पण नवरदेव पारावर आला आणि बाबांनी वाद्य हातात घेतलं की म्हातारी माणसंसुद्धा काठी टाकून नाचायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आयुष्यात त्यांनी जी जी वाद्यं घेतली, त्या प्रत्येकाची त्यांनी भिंतीत एक खुंटी ठोकली. वाद्य मोडलं, विकलं, हरवलं तरी खुंटी तिथेच. तिच्यावर दुसरं काही टांगायचं नाही. देव्हाऱ्याजवळची पहिली खुंटी पाव्याची. वरच्या ठाकरवाडीतल्या धाऊने तो बाबांना करून दिला होता, गुरं राखायच्या वयात. तो म्हशीच्या खुराखाली गेला. मग ढोलकी, ती पुराच्या पाण्यात भिजून फुटली. मग कलारनेट. मग पेटी. पेटी काही टांगायची वस्तू नव्हे, म्हणून खुंटीला तिची गवसणी. मग बेंजो, आणि दाराशी शेवटची खुंटी कॅसिओची, शहरात राहणाऱ्या माझ्या भावाचं लग्न झालं त्या वर्षीची.

जुनं मातीचं घर पाडून विटांचं बांधलं तेव्हा बाबांनी खुंट्या उपटून गोणीत भरून ठेवल्या होत्या. नवा गिलावा ओला असतानाच गोणी घेऊन गवंड्यापुढे हजर. गवंडी वैतागला, म्हणाला, "काका, सगळ्या सारख्याच तर हायत, कुठलीबी कुठं ठोकतो." बाबांनी त्याच्या हातातून हातोडी काढून घेतली. नुसतं बोटांनी चाचपून त्यांनी प्रत्येक खुंटी आपापल्या नंबराला लावली. आई म्हणाली, "माजा हात तरी असा वळकाल का वो अंधारात?" बाबा हसले होते.

खंडेनवमीला लोक कोयते, नांगर, मोटारसायकली पुजतात. आमच्याकडे खुंट्यांची पूजा. बाबा देव्हाऱ्यापासून दारापर्यंत एकेका खुंटीला हळदकुंकू लावत जायचे आणि मोठ्याने सांगायचे, "हा पावा, धाऊनं दिला. ही ढोलकी, जत्रेतून आनली, आज्यानं मारलं. ह्ये कलारनेट, दिवाळीत घेतलं, मंग वैशाखात लगीन. ही पेटी, आपली ही सुप्रिया झाली त्या सालची. ह्यो बेंजो, पोपट पार्टीत आला तवाचा." आई मागे आरतीचं ताट धरून ताटकळायची, तिचं सगळं लक्ष चुलीवरच्या पोळीकडे. मी चिडवायचे, "बाबा, पणज्याचं नाव तरी येतं का तुम्हाला?" ते म्हणायचे, "पणजानं काय वाजवलं ते सांग, मग आठवंल."

बाबा पहिल्यांदा चुकले ते एका खंडेनवमीला, दाराशी. कॅसिओच्या खुंटीला कुंकू लावायला हात गेला आणि थांबला. खाली कॅसिओ होता, गवसणी घातलेला. "हा डब्बा कुनाचा ठेवलाय इतं?" त्यांनी विचारलं. आम्ही हसलो. मला वाटलं थट्टा करतायत. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या पावसाळ्यात पोपटकाका चहाला आले. बेंजोच्या काळात दोघांनी मिळून कर्जत-खालापूरची शेकडो लग्नं वाजवली, एका ताटात जेवले. बाबांनी त्यांना बसायला पाट दिला आणि मग आत येऊन आईला हळूच विचारलं, "कोन पावना आलाय गं?" पोपटकाकांनी ऐकलं. चहा न पिताच उठले. जाताना मला म्हणाले, "पोरी, मला न्हाय वळकलं तरी चालंल गं, पन बेंजोबी इसरला गं हा." आणि माणूस एवढा ढोलकी बडवणारा, पण पायरीवर बसून हुंदके देऊन रडला.

आम्ही बाबांना कर्जतला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं की ह्या आजारात नवं आधी पुसलं जातं, जुनं मागून. औषधाने फार तर थोडा वेळ मिळेल. जुन्या वस्तू दाखवत जा, बोलत राहा. मला त्यांचा शांत आवाज ऐकून संताप आला. आई मात्र एकेक शब्द ऐकत होती आणि घरी येताना जीपमध्ये तिने माझा दंड घट्ट धरला.

"सुप्रे, त्या खुंट्या दारापासून जातायत," ती म्हणाली. "कॅसिओ गेला, आपली सून गेली. बेंजो गेला, पोपटभावोजी गेले. जे वाद्य जातं ते त्या वक्ताची मानसं घेऊन जातं."

"काहीतरीच बोलू नको आई," मी तिला दटावलं. पण मनातल्या मनात मी भिंत मोजली. बेंजोनंतर पेटी. पेटीवर मी.

आईने मग हाय खाल्ली नाही, उलट कंबर कसली. रोज सकाळी चहाआधी ती बाबांना भिंतीपुढे उभं करायची. "ही कंची? आनि ही?" बाबा कधी सांगायचे, कधी चिडायचे. पेटीच्या खुंटीपाशी ती फार वेळ थांबायची. "पेटी कवा घेतली? कोन झालं तवा? अवो, सांगा की!" मी नेरळला राहते, तिथून फोन केला की तिचा पहिला शब्द असायचा, "आज पेटी सांगितली." कधी "आज न्हाय सांगितली." बाकी जेवणखाण, पाऊसपाणी, कशाबद्दल बोलायला तिला सवड नव्हती.

नेरळहून मी दर रविवारी जायचे. एका रविवारी बाबांनी मला दारातच हात जोडले. "या ताई. कोन गाव?" मागे आई उभी होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि सांगितलं, "नेरळ." दुसरं काय सांगणार? रडूसुद्धा आलं नाही, नुसता राग आला. ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून वराती दाखवल्या, पेटीच्या पट्ट्यांवर माझा हात धरून सूर दाबायला शिकवलं, तो मला माझंच गाव विचारत होता. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले.

आई माझ्या मागोमाग आली. मला वाटलं समजूत घालायला आली. तिने विचारलं, "कलारनेट लग्नाच्या आदीचं का मागचं?"

तिला ते चांगलं ठाऊक होतं. दरवर्षी खंडेनवमीला ऐकलं होतं तिने. कलारनेट दिवाळीतलं, लग्न त्याच्या पुढच्या अक्षय तृतीयेचं. म्हणजे कलारनेट राहील आणि आई जाईल. ह्या भिंतीवर तिची स्वतःची अशी एकही खुंटी नव्हती. पेटी आणि कलारनेट ह्यांच्यामध्ये वीतभर गिलावा होता, आणि तिचं अख्खं लग्न त्या गिलाव्यात होतं.

"मला धरायला काय न्हाय गं त्यात," ती म्हणाली. चाळीस वर्षांहून जास्त संसार केलेली बाई, आणि ती एका भिंतीकडे हातपाय गाळून बघत होती.

पुढच्या रविवारी मी गेले तर आई ओटीवर कोयत्याने बाभळीची काठी तासत बसली होती. बघता बघता तिची खुंटी झाली. ती खुंटी तिने कलारनेट आणि पेटीच्या मधोमध ठोकली. गिलावा उडाला, दोन घाव तिच्या बोटावर बसले, पण थांबली नाही. मग ट्रंकेतून लग्नातल्या मुंडावळ्या काढल्या. मोती पिवळे पडले होते, दोरा कुजला होता. त्या तिने खुंटीला बांधल्या आणि बाबांना हाताला धरून आणलं.

बाबा भिंतीपुढे उभे राहिले. देव्हाऱ्याकडून एकेका खुंटीवरून नजर फिरवत आले आणि नव्या खुंटीवर अडखळले. त्यांनी ती चाचपली. मी बघत होते. त्यांची बोटं क्षणात ओळखून गेली.

"ही कुनी ठोकली? इतं काय नव्हतं."

"व्हतं," आई म्हणाली. "आपलं लगीन व्हतं इतं. कलारनेटच्या मागनं आले मी. बगा तरी, ह्या मुंडावळ्या. तुमच्याच हायत."

"ही वाद्यांची भिंत हाय," बाबा म्हणाले आणि खुंटी धरून हलवायला लागले.

"अवो नका. नका काढू. मी पाया पडते तुमच्या." आई खरंच वाकली. "एवढी एक राहू द्या. मला न्हाय वळकलं तरी चालंल, पन खुंटी राहू द्या."

मी मधे पडले नाही. बाबांनी दोन्ही हातांनी खुंटी हिसकून काढली, नखांतून रक्त आलं, मुंडावळ्यांचे मोती जमिनीवर घरंगळले. मग त्यांनी ती खुंटी आईच्या हातात दिली, रागाने नव्हे, अगदी समजावणीच्या सुरात. "सोने, खोटं ठोकू नये गं."

त्यानंतर बाबांनी आईला कधी नावाने हाक मारली नाही.

काही दिवसांतच ती "बाई" झाली. "बाई, पानी मिळंल का?" "बाई, तुमचा मालक घरी नाय का?" रात्री ते तिच्यापासून लांब, दारापाशी अंथरूण टाकायला लागले. परक्या बाईच्या घरात झोपायचं म्हणजे त्यांना संकोच वाटायचा. आई जेवेना. भिंतीतल्या त्या भोकाकडे तोंड करून बसायची. शेजारच्या मैनाकाकूने "वय झालं की असंच" म्हटल्यावर मी तिला नको ते बोलले. आई मला म्हणाली, "मी मेले असते तर बरं झालं असतं गं. निदान माज्यासाठी रडले तरी असते ते." मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.

आणि मग परवाचा रविवार. बाबांनी सकाळी दाढी केली होती, गालावर दोन ठिकाणी कापलं होतं. स्वच्छ सदरा घालून ओटीवर बसले होते. आई चहा घेऊन आली तसे ते लगबगीने उठले आणि तिला बसायला सतरंजी झटकून दिली.

"या बाई. सुपारी घेऊन आला न्हवं?"

बँडवाल्याला लग्नाला ठरवायचं तर आमच्याकडे त्याच्या तळहातावर सुपारी ठेवतात. तारीख सांगायची, आणि त्याने मूठ मिटली की ठरलं. मी लहान असताना वैशाखाआधी आमची ओटी अशा माणसांनी भरलेली असायची. आता बाबा हात पुढे करून वाट बघत होते, आणि त्यांच्यापुढे होती ती आई.

मला वाटलं ती आत निघून जाईल. ती देव्हाऱ्यापर्यंत गेली आणि पूजेतली सुपारी घेऊन आली. थकली होती बिचारी. नाही म्हणायचं त्राणही उरलं नव्हतं तिच्यात. तिने सुपारी बाबांच्या हातावर ठेवली.

"कुनाचं लगीन?" बाबांनी विचारलं.

"पोरीचं."

"कलारनेट पायजे ना? ढोलकीबी आमचीच. तारीख सांगा."

आईच्या तोंडून जी एकच तारीख येणं शक्य होतं ती आली. "अक्षय तृतीया."

बाबांनी मूठ मिटली नाही. हातावरची सुपारी तशीच ठेवून त्यांनी मान हलवली. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं.

"त्या दिवशी नाय जमायचं बाई. त्या दिवशी माजंच लगीन हाय."

आईने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. "पोरगी कुठली?" तिने विचारलं. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"हितलीच, वावर्ल्याची. सोनी नाव तिचं." बाबा जरा लाजले, आणि मग परक्या बाईला सांगायला हरकत नाही असं वाटून पुढे झुकले. "बगायला गेलो तवा तिच्या पायात काटा मोडला व्हता. लंगडत चा घेऊन आली. घरातल्या कुनालाबी सांगितलं नव्हतं तिनं, चेहऱ्यावर दाखवलं बी नाय. पन मी बगितलं. घरी येऊन आयेला म्हनलं, लगीन करीन तर हिच्याशी. तिला नाय सांगितलं आजून. आता लग्न झाल्यावर सांगनार हाय."

आईला हे कोणी कधीच सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षांहून जास्त काळात बाबांना ते सांगायचं राहून गेलं होतं.

"तवा राग मानू नका," बाबा सुपारी पुढे करत म्हणाले. "दुसरी पार्टी बगा. मी तारीख बदलनार नाय."

आईने त्यांच्या हातावरची सुपारी उचलली, पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ घट्ट ओढली.

"नका बदलू," ती म्हणाली. "मी बगते दुसरी पार्टी."