माना टाकणारी मिरची

२१ एप्रिल. ऑफिसातून आल्यावर ग्रिलमधल्या मिरचीच्या कुंड्यांची माती मोकळी करायला घेतली. चार रोपांतली दोन उरली होती. बी सासूबाईंच्या माहेरचं, कोकणातल्या बुटक्या, जहाल मिरचीचं. त्यांच्या भावाकडे आता ती कोणी लावत नाही, आणि आमच्याकडचं सगळं बी मी एकदमच पेरून बसले होते. या दोन रोपांवर मिरची पिकून लाल झाली नाही, तर वाण संपलं.

मिरचीला ऊन चालतं. आमच्याकडे तुर्भ्याला दुपारी पश्चिमेची भिंत तापते तेव्हा पानं लोंबतात, ऊन उतरलं की आपसूक उभी राहतात. ती तहान नव्हे. हे मी घरात सांगून ठेवलं होतं. सासूबाईंना पटत नव्हतं. वैशाखात तहानलेल्याला पाणी द्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. मी महाप्याला ऑफिसात असताना त्या तांब्या घेऊन ग्रिलशी उभ्या.

खुरपं घातलं तर आत चिखल. कुजका वास आला.

"आई, आज किती तांबे ओतलेत?"

"मोजून पाणी पाजतात का कुणाला?"

"मुळं कुजतायत. आधीची दोन अशीच गेली."

"ती उन्हानं गेली. तू नसतेस बघायला. माना टाकून माझ्याकडे बघतात. त्यांच्यासमोर मी ताक पिऊ?"

"पडदा ओढून प्या."

"हो, उद्या मलाही पडद्याआड ठेव."

अंधार पडला तरी एक रोप उठलं नाही. त्यावर एकच मिरची होती, अर्धी लाल. सासूबाईंनी ते पाहिलं आणि तांब्या ओट्यावर पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिरची देठासकट कापून त्यांच्या हातात दिली. घरात ठेवून लाल झाली तर बी धरेल. गेलेलं रोप उपटून टाकलं. दुसऱ्याची माती बदलली, सोसायटीच्या सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली मागून घेतली आणि कुंडी वर नेऊन ठेवली. खाली आले तर सासूबाई मिरची सुपात ठेवत होत्या.

"हिला तरी पाणी नको ना?"

"नको."

किल्ली पर्समध्ये टाकली, डबा घेतला आणि निघाले.