लढाई नसलेलं गाव

मराठी माणसाला परमुलखात सरकारी नोकरी लागली आणि रविवार मोकळा मिळाला, की तो एक तर मंडळ काढतो, नाहीतर इतिहास संशोधन करतो. कलकत्त्यात मंडळ आमच्या आधीच्या लोकांनी काढून ठेवलेलं होतं. त्यामुळे आमच्या ह्यांच्या वाट्याला संशोधन आलं, आणि त्यांचं संशोधन माझ्या वाट्याला.

बदली होऊन भवानीपुरात बिऱ्हाड थाटलं, त्याला पाच वर्षं होत आली होती. पन्नास सालानंतरचे ते दिवस. एका ऑगस्टात ह्यांच्या मनाने घेतलं, की बंगालमधली सगळी जुनी रणांगणं मोटारीने हिंडून पाहायची, मराठी फौजांचे तळ कुठे पडले होते ते मोजून काढायचं आणि त्या जागांचे फोटो पुण्याच्या संशोधकांना धाडायचे. मोटार आमच्याकडे नव्हती. ती होती ह्यांच्या एका मित्राकडे. हे गृहस्थ हावड्याच्या एका गिरणीत इंजिनिअर होते, सडेफटिंग होते आणि त्यांच्या गळ्यात कायम कॅमेरा असे. मी त्यांना भावोजी म्हणत असे. त्यांना लढायांशी काडीचं कर्तव्य नव्हतं. त्यांना हवे होते देखावे.

दर रविवारी जेवणं आटोपली की दिवाणावर नकाशा पसरला जाई. त्याच्या चार कोपऱ्यांवर माझी चार पातेली. मग काथ्याकूट सुरू. ह्यांचं म्हणणं, प्लासीला भर दुपारी पोचायचं, म्हणजे टेप लावून नीट मोजता येईल. भावोजी म्हणत, दुपारच्या उन्हात फोटो काढण्यापेक्षा मी कॅमेरा नदीत टाकीन. त्यातच कुणीतरी सांगितलं, की प्लासीचं बरंचसं रणांगण नदीनेच गिळलं आहे. "मग मी फोटो कशाचा काढू? पाण्याचा?" भावोजींनी विचारलं. "पाण्याचाच काढा. खाली रणांगण आहे अशी तळटीप मी देईन," हे म्हणाले. त्या तळटिपेत दोन रविवार गेले. मी प्रत्येक रविवारी तीनदा चहा केला, आणि एकदाही कुणी मला विचारलं नाही, की तुला कुठे जायचंय.

विचारलं नाही तरी मी पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. साहिबगंजवरून जाऊ या म्हणून. तिथे माझी धाकटी बहीण होती.

तिचे यजमान रेल्वेत होते. लग्न होऊन ती साहिबगंजला गेली, ती मला पुन्हा दिसलीच नाही. आमची आई लवकर गेली, तेव्हा ही पाच वर्षांची होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिच्या उवा मी काढल्या, आणि तिला पहिल्यांदा नऊवारी नेसवली तीही मीच. आता तिला एक मुलगी होती, चार वर्षांची. ती कशी दिसते हे मला पत्रातून कळत होतं. नाक आमच्या आईवर गेलंय म्हणे.

मी हे सांगितलं तेव्हा ह्यांनी मान हलवली होती, "हो हो, बघू" म्हटलं होतं आणि वहीत काहीतरी टिपलंही होतं. मी बापडी खूश. महिनाभराने टेबल पुसताना ती वही उघडी दिसली. ह्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "साहिबगंज. हिची बहीण. लढाई नाही." आणि त्यावर लाल पेन्सिलीची रेघ.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी भांडले नाही. भांडण मला नवं नव्हतं, पण इतिहासापुढे ते चालत नसे. ह्यांना पुरावा लागे. मग म्हटलं, देऊ पुरावा.

आमचे घरमालक खालच्या मजल्यावर राहत. निवृत्त प्राध्यापक, विषय इतिहास. मराठे येणार म्हणताच एके काळी इथली खेडी ओस पडत, त्यामुळे आम्ही भाड्याने राहायला आलो त्या दिवसापासून त्यांनी आमचं नाव बर्गी ठेवलं होतं. बर्गी म्हणजे ते लुटारू मराठी स्वार. ह्यांचा बेत कानावर गेल्यावर तर जिन्यात गाठून म्हणत, "आबार बर्गी? पुन्हा आलात? आमचं अजून काही न्यायचं राहिलंय का?" त्यांच्यापुढे मी माझं तोडकंमोडकं बांगला घेऊन उभी राहिले आणि विचारलं, साहिबगंजजवळ एखादी लढाई झाली आहे का? त्यांनी कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं. म्हातारा हसला नाही. आत गेला आणि तीन जाडजूड इंग्रजी ग्रंथ माझ्या हातात ठेवले.

मॅट्रिकनंतर मी इंग्रजीच्या वाटेला गेले नव्हते. आमटीला उकळी येईपर्यंत एक पान, भात उतरेपर्यंत दुसरं, मांडीवर डिक्शनरी, असं मी ते वाचलं. लढाई सापडली! साहिबगंजहून थोड्याच अंतरावर, उधुआ नाल्यावर. मीर कासीम आणि इंग्रज. मी रविवारी ती नकाशावर बोट ठेवून दाखवली.

ह्यांनी कौतुकाने ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण ह्यात आपले कुठे आहेत?"

"आपले म्हणजे?"

"अगं, मराठे."

प्लासीला तरी कुठे होते मराठे? ह्यांच्यापुढे हात टेकावेत की ते तीन ग्रंथ डोक्यात घालावेत, मला कळेना. पुन्हा खाली गेले. प्राध्यापकांनी चष्मा पुसला, पानं चाळली आणि जागा दाखवली. पेशव्यांची फौज बिहारातून बंगालात उतरली ती भागलपूरकडून, राजमहालच्या डोंगरांतून. साहिबगंज त्याच डोंगरांच्या पायथ्याशी. "आणि तुमच्या फोटोवाल्याला सांगा, तिथे एक धबधबाही आहे," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी मी पेशवे ह्यांच्यापुढे ठेवले आणि धबधबा भावोजींपुढे. दोघेही ताडकन उठून बसले. "वहिनी, तुम्ही तर छुप्या रुस्तम!" भावोजी म्हणाले. "हे तू आधी का नाही सांगितलंस?" हे म्हणाले. वहीत नवी नोंद झाली, निळ्या पेन्सिलीने: "साहिबगंज. पेशव्यांचा मार्ग. धबधबा. दोन मुक्काम." बहीण त्यात कुठेही नव्हती. नसू दे, म्हटलं. दोन मुक्काम होते ना.

नाताळच्या सुट्टीत निघायचं ठरलं. मी बहिणीला कळवलं. तिचं उलट टपाली उत्तर आलं. बरं झालं येतेस, यांची आसामला बदली झालीये, जानेवारीत आम्ही ही जागा सोडणार. सामान बांधायला घेतलंय, पण तुमच्यापुरत्या गाद्या आणि ताटं मागे ठेवते. स्टेशनाजवळच्याच घाटावरून बोटीने गंगा ओलांडायची आणि मग पुढे आगगाडीने कुठच्या कुठे. ताई, एकदा पलीकडे गेले की परत कधी गं भेट?

ते पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. दोनदा. मग दशम्या कधी करायच्या, चिवडा किती न्यायचा, बहिणीला आवडणाऱ्या गूळपापडीच्या वड्या कोणत्या डब्यात भरायच्या, यात मी गुंतले.

नाताळला आठवडा राहिला असताना भावोजी आले आणि म्हणाले, डिसेंबरात तिकडे धुकं असतं. फोटो म्हणजे नुसता दुधाचा पेला. फेब्रुवारीत पळस फुलतो, सगळा डोंगर लाल होतो, तेव्हा जाऊ. ह्यांनाही ते एकदम पटलं, कारण काटवा गावच्या मराठी तळाची नक्की जागा विचारणारं त्यांचं पत्र पुण्याला पोचून तीन आठवडे झाले तरी उत्तर नव्हतं. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्या दोघांचं कशावर तरी एकमत झालं. इतका आनंद झाला त्यांना, की हे मला म्हणाले, चहा टाक.

"माझी बहीण जानेवारीत जाणार आहे," मी म्हटलं.

ह्यांनी वहीचं पान उलटलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "मग काय बिघडलं? आपण पुढच्या वर्षी आसामचा बेत आखू. तिकडेही मोठमोठ्या लढाया झाल्यात."

ते चेष्टा करत नव्हते. हे लिहितानाही मला त्याचाच राग येतो. मला दुखवण्याचा त्यांचा हेतू असता तर मी बोलले असते, रडले असते. पण ते मनापासून माझी सोय बघत होते.

मी दिवाणावरची माझी चारही पातेली उचलली. नकाशा आपोआप गुंडाळला गेला.

"मी उद्या जाते," मी म्हटलं.

"एकटी?"

"पेशव्यांची फौज फेब्रुवारीत येणार म्हणताय. तोवर जाऊन येते."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी अर्धी रजा काढली. हावड्याला मला पोचवायला आले, बायकांच्या डब्यात जागा मिळवून दिली, सुरईत पाणी भरून आणलं. सगळं मुकाट्याने. मला वाटलं, उमगलं म्हणायचं. शिटी झाली तसे खिडकीजवळ आले आणि हळूच म्हणाले, "वेळ झालाच, तर पेशवे आले त्या खिंडीची रुंदी किती असेल, ते जरा बघून ये." मी खिडकी लावून घेतली.

सकाळी साहिबगंजला उतरले. बहीण फलाटावर उभी होती. गाल बसले होते. तिच्या पदराआडून एक मुलगी डोकावत होती आणि नाक खरंच आमच्या आईचं होतं. मी जवळ घ्यायला गेले तर पोर मागे सरकली आणि हिंदीत माझ्या बहिणीला विचारू लागली, ही बाई कोण.

घरी सगळीकडे दोरखंडांनी बांधलेल्या पेट्या होत्या. एका पेटीवर बसून आम्ही चहा प्यायलो. बहिणीने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "कलकत्त्याहून इथे एका रात्रीचा तर प्रवास. पाच वर्षं तू आली नाहीस. मला वाटलं, तू माझ्यावर रागावली आहेस. काय चुकलं ते मी आठवत बसायची."

"नाही गं," मी म्हटलं. "इकडे यायचा बेत चालला होता आमचा."

"पाच वर्षं?"

"चार महिने," मी म्हटलं. "त्याआधी तर बेतही नव्हता."