वहिनीने ऊब विकली

आमची वहिनी दोन लाकडं एकमेकांवर आपटायची आणि कान लावायची. टण्ण वाजलं तर सुकं, थप्प वाजलं तर ओलं. दादा गाडी हाकायचा, मी कुऱ्हाड चालवायचो, पण जळणाची वखार खरी वहिनीची. मोठं गिऱ्हाईक एकच, कोपऱ्यावरचा पाववाला. तो गेला की वखारीला टाळं, हे आम्हां तिघांना पक्कं ठाऊक.

आणि एके सकाळी तो म्हणाला, "बाई, पलीकडचा स्वस्त देतो. बाजारभाव म्हणजे बाजारभाव!"

"त्याच्या लाकडात निम्मं पाणी आहे, मालक. पाणी उकळायला लाकूड घेता की पाव भाजायला?"

"तराजूला पाणी कळत नाही."

"म्हणूनच तर!" वहिनी म्हणाली. "उद्यापासून तराजू नको. घाण्यामागे पैसे द्या. एक घाणा पाव भाजून निघाला की माझे ठरलेले. लाकूड किती लागतं ते माझं मी बघते."

पाववाला हसत हसत कबूल झाला. मी कपाळाला हात लावला, कारण तो हसला की आपण बुडालो समजायचं.

झालंही तसंच. जळण आता फुकटचं, मग काय! भट्टीचं दार सताड उघडं टाकून हा बाबा गिऱ्हाइकांशी गप्पा मारत बसे. आठवडाभरात आमचा डोक्याएवढा लाकडांचा ढीग माझ्या कमरेपर्यंत खाली आला. दादा म्हणाला, "फिटली हौस?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच वहिनी स्टूल घेऊन भट्टीशेजारी जाऊन बसली. दार उघडं राहिलं की पायाने ढकलायची. "मालक, गप्पा मारा, पण माझी ऊब बाहेर काढू नका!" मागच्या भिंतीला बोटभर भेग सापडली, ती मला चिखलाने लिंपायला लावली. महिन्याभरात निम्म्या लाकडात घाणा निघू लागला.

पाववाल्याच्या हे लक्षात येणारच. ऐन भाजणीच्या वेळी दार उघडं टाकून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"बाई, लाकूड निम्मं लागतंय. भावही निम्मा करा."

"पाव निम्मे भाजले का?"

"तसं नाही, पण..."

"मग परत तोलून घ्या," स्टूल उचलत वहिनी म्हणाली. "बाजारभावाने देते, दणकून घ्या. भेग काय, खरवडली की पुन्हा उघडी. तुमची भट्टी, तुमचं दार."

वखार गेली, असंच मला वाटलं.

पाववाल्याने वहिनीच्या हातातल्या स्टुलाकडे पाहिलं, मग लिंपलेल्या भिंतीकडे पाहिलं. पुढे होऊन भट्टीचं दार स्वतःच्या हाताने घट्ट लावलं आणि तो पुटपुटला, "बसा हो, बाई. बसा."

वहिनी बसली. चौदा वर्षं बसली.