जमनाताईंची पंगत

गंजाडजवळच्या एका पाड्यावर जमनाताई अंगणवाडी चालवतात. मी त्यांची पर्यवेक्षिका. तालुक्यातून आलेले पोषणाचे रंगीत तक्ते त्यांनी भिंतीला लावले, पण पोरं तिकडे ढुंकूनही पाहीनात. मग ताईंनी स्वतःचा खेळ काढला, पंगतीचा.

एक पोर वाढपी व्हायचं. शेवग्याची भाजी, नाचणीची भाकर, डाळ, अंडं असं एकेकाचं नाव घेत ते खरोखरच वाढायचं. बसलेल्यांनी ओळखायचं, कशाने रक्त वाढतं, कशाने हाडं. वाढप्याला नियम एकच, त्याने शेवटी जेवायचं. असं का, हे मी कधी विचारलं नाही. आमच्या घरांत वाढणारी बाई शेवटीच जेवते, आम्हा दोघींना त्यात वावगं काही दिसलंच नाही. उलट मी मीटिंगमध्ये या खेळाचं तोंडभरून कौतुक केलं. आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

सगळ्यांत हौशी वाढपी म्हणजे सुकीची पाच वर्षांची रविना. वजनाच्या तक्त्यावर ती लाल पट्ट्यात, म्हणजे तीव्र कुपोषितांत होती, म्हणून ताईंचा सारा जीव तिच्यात. अंगणवाडीत वाढून झालं तरी पातेल्यात भरपूर उरायचं, पोर पोटभर जेवायची. दिवाळीपर्यंत वजन तेरा किलोच्या वर गेलं. ताईंनी मुद्दाम फोन केला, "मॅडम, आमची रविना लालमधून सुटली!"

दिवाळीनंतर सुकी आणि तिचा नवरा लक्ष्या दरवर्षीसारखे वीटभट्टीवर गेले. रविना आणि तिचा धाकटा भाऊ दीपेश सोबत होतेच. जूनमध्ये ते परतले, त्या दिवशी मी पाड्यावर होते. ताईंनी रविनाला काट्यावर उभं केलं, तर अकरा किलोसुद्धा भरेना. ताई कडाडल्या, "सुके, पोरीला उपाशी ठेवलंस काय गं?"

"नाय ओ बाई," सुकी रडायलाच लागली. "आमी पहाटंच गाऱ्यात उतरायचू. दोघांना पुरंल अशी भाकर ठेवून जायचू. ही भट्टीवरची समदी पोरं पंगतीला बसवी नं वाढी. मंग हिला काय उरणार? मी रागं भरली, तं बोलं, बाईनं असाच शिकवलाय."

ताईंनी रविनाला काट्यावरून उतरवून जवळ घेतलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

रविनाला दुसऱ्या दिवशी डहाणूला दवाखान्यात न्यायचं ठरलं. त्याच दुपारी अंगणवाडीत पोरं जेवायला बसली, तशी ती सवयीने वाढायला उठली. ताईंनी तिच्या हातातली पळी काढून घेतली, तिला ताटावर बसवलं, सगळ्यांच्या आधी भात-भाजी वाढली आणि म्हणाल्या, "आजपासून तू पहिली जेवायचं."

रविनाने समोरच्या रिकाम्या ताटांकडे पाहिलं. ती घासाला हात लावेना. तिचे डोळे भरून आले.

"बाई," ती म्हणाली, "माझा काय चुकला?"