सुग्रीवनं स्वतःच्या घराची भिंत फोडली

राणीसावरगावात सुग्रीवइतका हट्टी माणूस शोधून सापडणार नाही. मी त्याचा शेजारी, मला विचारा. दिवाळी झाली की तो आणि त्याची बायको कडूबाई ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्यातच परततात. तोवर घर कुलूपबंद. एका साली चोरांनी खिडकीतून भांडी लांबवली. सुग्रीवनं असा धसका घेतला की नवं सिमेंटचं घर बांधताना खिडकीच ठेवली नाही. वर मिशीला पीळ देऊन म्हणाला, "आता मुंगी बी शिरणार न्हाई!" मुंगीचं ठाऊक नाही, पण वाराही शिरेना.

त्या घरात कडूबाईला धाप लागायला लागली. आडवं पडलं की जीव घाबरा, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायची. ऊसतोडीला गेली की कारखान्यावरच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत मात्र ठणठणीत! भावकीनं ठरवलं, घर लाभलं नाही. उतारे झाले, लिंबं झाली. सुग्रीवचं जेवण तुटलं. बायकोवर त्याचा फार जीव.

शेवटी गंगाखेडला दवाखान्यात नेलं. डॉक्टर सुकेशनीताईंनी छाती तपासली आणि घराची चौकशी केली. भिंतीवर काळे डाग आहेत का, असं विचारल्यावर सुग्रीव म्हणाला, "हायत की. दरसाल चुना मारतो."

"ती बुरशी आहे. स्वयंपाकाची वाफ, पावसाची ओल आत कोंडते, त्यावर ती पोसते. सहा महिने बंद घरात तर तिचंच राज्य. तिची डोळ्यांना न दिसणारी भुकटी यांच्या श्वासात जाते. औषध देते, पण भिंती घासून काढा आणि समोरासमोर दोन खिडक्या पाडा."

"चांगली भिंत फोडू व्हय?" सुग्रीव फुरंगटून घरी आला आणि हातावर हात ठेवून बसला.

मग कडूबाईच उठली. अंगणात चार मेढी रोवल्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या गोळा करायला लागली. "मी कोपी घालून ऱ्हाते. तुमी संभाळा तुमचं घर."

सुग्रीव उठला. मग माझ्याकडं येऊन मुकाट्यानं घण मागून घेऊन गेला.

श्रावणात एका दुपारी मी त्याला हाक मारत दारात गेलो. खिडकीतून खिडकीत वारा वाहत होता. सुग्रीव कडूबाईच्या उशाशी बसला होता. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारा तो गडी ओल्या डोळ्यांनी कुजबुजला,

"हळू बोला. आडवी निजलीय."