भाऊजींची हिरवी डहाळी

आमच्या भाऊजींइतका सावध माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर तो अतिसावधपणामुळे अजून घराबाहेर पडलेला नसावा. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घाटंजीच्या पलीकडे एका लहान गावात राहतात, कापूस आणि तूर पेरतात. त्यांच्या शेताचा एक बांध जंगलाला लागून आहे. बांधापलीकडे साग, धावडा आणि मधूनमधून पळस. रानात शिरण्याआधी मोठ्याने आवाज द्यावा, म्हणजे आत जे कोणी असेल ते बाजूला सरकते, हा त्या भागातला साधा नेम. भाऊजींनी तो रानापुरता ठेवला नाही. बँक, दवाखाना, तहसील, सासुरवाडी, जिथे दार आहे तिथे ते उंबऱ्याबाहेर थांबतात आणि ‘आलो होऽऽ’ अशी हाळी देतात. मग जरा वेळ जाऊ देतात आणि आत येतात. मी यवतमाळला एका वर्तमानपत्रात काम करत होतो, तेव्हा एका दुपारी ते मला भेटायला आले. आमची बैठक चालू होती. जिन्यातून हाळी आली आणि संपादकांच्या हातातला चहा बशीत सांडला. ‘कोण आहे?’ त्यांनी विचारले. मी म्हणालो, ‘माझे भाऊजी.’ ‘मग आत का येत नाहीत?’ मी खरे ते सांगितले, ‘आपण बाजूला सरकण्याची वाट पाहत असतील.’

वाघाचे नाव ते घेत नाहीत. ‘तो’ म्हणतात, फार झाले तर ‘मोठं जनावर’. दूरदर्शनवर बातम्या लागल्या आणि निवेदिका ते नाव उच्चारेल असा रंग दिसला, की ते आवाज बंद करतात. त्यांच्या घरी त्यामुळे निम्म्या बातम्या नुसत्या पाहिल्या जातात. एकदा केळापूरकडच्या एका शिवारात वाघ दिसल्याची बातमी आम्ही पहिल्या पानावर दिली. सकाळी दूध यायच्या आधी त्यांचा फोन आला. ‘काय पेपरवाले, सकाळच्या पारी त्याचं नाव घेता? तेही एवढ्या मोठ्या अक्षरात?’ मी म्हणालो, बातमीच त्याची आहे. ‘मंग मोठं जनावर लिहा ना. लोकायले समजते. अन् त्यालेबी राग नाही येत.’ वाघ वर्तमानपत्र वाचत नाही, हे मी सांगून पाहिले. त्यावर ते म्हणाले, ‘पन कोनी वाचून दाखवलं तं?’

पण या सगळ्यापेक्षा मोठा नेम डहाळीचा. त्यांच्या शेताची वाट जिथे रानात शिरते, तिथे दगडांचा एक ढीग आहे. त्याला कोणी देव म्हणते, कोणी नुसता धोंडा. आत जाणाऱ्याने बाजूच्या झाडाची एक हिरवी डहाळी तोडून त्यावर ठेवायची आणि पुढे जायचे. रानाला सांगून जाणे, एवढाच त्याचा अर्थ. जिथे ढीग नसेल तिथे भाऊजी एखादा दगड देव म्हणून नेमतात. भाऊजींच्या पुतण्याच्या लग्नाला आम्ही बाभुळगावला निघालो होतो, तेव्हा भाऊजी नवरदेवाच्या गाडीत होते. रस्त्याला झाडी लागली की गाडी थांबे. सगळे उतरत. नवरदेव बाशिंग सावरत खाली येई आणि एका हातात कट्यार, दुसऱ्या हातात पळसाची डहाळी घेऊन मैलाच्या दगडाला नमस्कार करी. आम्ही पोचलो तेव्हा मुहूर्त टळला होता. मुलीचे मामा मांडवाच्या तोंडाशीच उभे होते. पुढच्या दगडांसाठी गाडीत भरून घेतलेल्या फांद्या पाहून ते म्हणाले, ‘काय पाव्हणे, वरात आणली का सरपन?’ लोक हसले. भाऊजी हसले नाहीत. ‘उशिरा आलो,’ ते म्हणाले, ‘पन सारे आलो.’

हे वाक्य त्यांनी का म्हटले, ते मांडवात आम्हा दोघातिघांनाच ठाऊक होते. भाऊजींचे थोरले भाऊ गुरांमागे रानात गेले होते, ते परतले नाहीत. शोधायला गेलेल्यांत भाऊजी होते. त्या वेळी ते कॉलेजात शिकत होते. नंतर ते कॉलेजात गेले नाहीत. भावाने त्या दिवशी आवाज दिला नसावा, डहाळी ठेवली नसावी, असे भाऊजी धरून चालतात. कोणी पाहिलेले नाही. बांधापलीकडे ते स्वतः मात्र त्यानंतर गेलेले नाहीत. देवावर डहाळी रोज ठेवतात आणि तिथूनच मागे फिरतात.

त्यांना एकच मुलगी. तिने रानापासून लांब राहावे, हा त्यांच्या आयुष्याचा एकमेव बेत म्हणता येईल. शाळेला तिला यवतमाळच्या वसतिगृहात ठेवले, पुढे पुण्याला. मातीचे शास्त्र शिकायला ती ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला निघाली, तेव्हा गावातले लोक म्हणाले, एवढ्या लांब पोरगी कायले पाठवता? भाऊजींनी फक्त एवढे विचारले होते, की शहर मोठे आहे ना. मोठे आहे आणि समुद्राला लागून आहे, असे ऐकल्यावर त्यांचे समाधान झाले. समुद्राबद्दल त्यांचे काही म्हणणे नव्हते.

त्या शहराच्या मागे डोंगर आहेत आणि डोंगरात बारमाही पावसाचे जंगल आहे, हे नकाशात दिसत नव्हते. एका शुक्रवारी भाचीचा मला फोन आला. शनिवार-रविवार ती सोबतच्या विद्यार्थ्यांबरोबर त्या जंगलात जाणार होती. सहल म्हणून नाही. तिच्या सरांना त्या जंगलातल्या मातीवर दोन वर्षे काम करणारे कोणी हवे होते. जागा पाहून तिने सोमवारी हो किंवा नाही सांगायचे होते. ‘मामा, मले हो म्हनाचं हाये,’ ती म्हणाली. ‘पन बाबा नाही म्हनले, तं मी नाही जात. त्यायले दुखवून मले रानात पाय ठेवता येनार नाही. तुम्ही रविवारी घरी जाऊन बसजा. मी तवाच विचारते.’ वडिलांना तिने फक्त सहलीचे सांगितले होते.

रविवारी मी पोचलो तेव्हा घराचे पुढचे दार सताड उघडे होते. घरचे माणूस रानात असेतोवर दार लावायचे नाही, हा भाऊजींचा आणखी एक नेम, आणि ते शनिवारपासून उघडे होते. रात्रीत शेजाऱ्याची शेळी आत येऊन ताईचे वाळत घातलेले वाल खाऊन गेली होती. ताई म्हणाली, ‘पोरगी समुद्रापार, रान समुद्रापार, अन् शेळी माह्या घरात. पाहा तुमच्या भाऊजीचा हिशेब.’ भाऊजी ओसरीवर बसले होते. रविवारी ते दाढी करतात, ती केलेली नव्हती. मला म्हणाले, ‘सारं सांगतलं तिले. आवाज दे, एकली चालू नको, डहाळी ठेव. तिथं तो नाही म्हनतात. पन त्याचा कोनी भाऊबंद तं असंन.’

दुपारी फोन आला. पडद्यावर भाचीचा चेहरा, मागे एका लाकडी खोलीची भिंत.

‘बाबा, जेवले काय?’

‘आमचं राहू दे. तू निंगाली काय रानातून?’

‘कवाच निंगाली.’

‘आवाज देल्ता?’

‘देल्ता. संगचे सारे हासले.’

‘हासू दे. डहाळी?’

तिने कपाळावरचे केस मागे सारले. ताई पुढे सरकली. ‘हाताले काय बांधलं वं?’

उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी होती. मग तिने सांगितले. रानाच्या तोंडाशी तिने एक दगड पाहिला, शेजारच्या झाडाची हिरवी डहाळी तोडायला हात घातला. पाने मोठी होती, पिंपळासारख्या आकाराची, वर मऊ लव. ती लव म्हणजे काटे. उकळते तेल सांडावे तसा हात पेटला.

‘खाजकुयली व्हती?’ भाऊजींनी विचारले.

‘खाजकुयलीची आजी, बाबा. एका पोरीजवळ पायाचे केस काढाची मेनाची पट्टी व्हती. ते लावून काटे ओढले. थंड पानी लागलं की अजून आग होते. काही दिवस राहते म्हनतात, मंग जाते.’

‘म्या सांगतलं म्हनून तोडली तू.’

‘हो.’

ती खोटे बोलली नाही, याचे मला कौतुक वाटले आणि त्याच वेळी खोटे बोलली असती तर बरे, असेही वाटले. भाऊजींनी स्वतःचा उजवा हात मांडीवर उलटा ठेवला आणि त्याकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या सावधपणाने कोणाचे नुकसान केले नव्हते. मुहूर्त टळला होता, चहा सांडला होता, वाल गेले होते. माणूस दुखावला नव्हता.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘मले दोन वर्षं त्याच रानात काम करा लागते. सर म्हनतात, उद्या सांग. मी जाऊ काय?’

ताईने माझ्याकडे पाहिले. मला हे आधीपासून माहीत होते, हे तिला तेव्हाच कळले.

‘हात पोळला,’ भाऊजी म्हणाले, ‘तरीबी जायाचंच म्हनते?’

‘तिथं तो नाही, बाबा.’

‘तो नाही, तरी पोळला ना? रान रानच असते, माय. तुले त्याच्यापासून दूर ठेवाले काय नाही केलं म्या?’

‘केलं ना. पन लहानपनी बांधावर बसून तुम्हीच शिकवत होते. वानर असं वरडलं तं काय, मोर असा वरडला तं काय, सारं चूप झालं तं काय.’

‘ते तुले भ्याले शिकवत होतो मी.’

‘मले वाटे, तुम्ही ऐकाले शिकवून राह्यले.’

भाऊजी उठले. अंगणात गेले, कुंपणापर्यंत गेले. तिथे ते काय पाहत होते ते सांगता येत नाही. तिथून फक्त शेजाऱ्याची तुरीच्या वाळल्या तुराट्यांची गंजी दिसते. फोन ताईच्या हातात होता. मायलेकी एकमेकींकडे पाहत होत्या.

ते परत आले आणि उभ्यानेच फोन हातात घेतला. ‘हे पाह्य,’ ते म्हणाले, ‘डहाळी तोडत नको जाऊ. खाली पडेल असते, ते उचलजो. सुकेल असली तरी चालते. देव काही म्हनत नाही, म्या सांगतो त्याले.’

ताईला ते आधी समजले. तिने पदर तोंडाला लावला. भाचीला जरा वेळ लागला. मग ती हसायला लागली आणि रडायलाही. भाऊजींनी फोन माझ्याकडे दिला, कारण त्यांना तो बंद करता येत नाही.

आता ती त्या जंगलातच असते. फोन आठवड्यातून एकदा, रविवारी. मागच्या वेळी मी गेलो होतो तेव्हा फोन नुकताच झाला होता. आम्ही ओसरीवर बसलो. उन्हाळा होता, अंगणात दोरीवर टाकलेला टॉवेल वाळून कडक झाला होता. भाऊजी म्हणाले, ‘काय पेपरवाले, तुम्हाले जगाचं माहीत असते. तिकडच्या रानात बाराही महिने पानी पडते, हे खरं हाये काय?’

मी म्हणालो, खरे आहे. जवळजवळ रोज पडते.

‘मंग पोरगी कपडे कुठं वाळवत असंन?’

मी वर्तमानपत्रात काढलेल्या सगळ्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. भाऊजी उठले आणि दोरीवरचा टॉवेल काढून त्याची घडी घालत उभे राहिले.