उरलेला पांढरा फॉर्म

बीडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत मुलींचं एक वसतिगृह आहे. खाली भांड्यांचं दुकान, वर दोन मजले, आणि गच्चीवर बारा महिने वाळत पडलेले बेचाळीस मुलींचे कपडे. अकरावी-बारावीच्या, क्लाससाठी खेड्यापाड्यांतून आलेल्या मुली. त्यांच्या रेक्टर म्हणजे वनमालाबाई. मुली नुसतं 'बाई' म्हणायच्या. एकोणीस वर्षांत बाईंचं नाव कुणी तोंडानं घेतलं असेल, तर ते रेशनच्या दुकानात.

संध्याकाळी सात वाजता जिन्याजवळ उभं राहून बाई हजेरी घ्यायच्या. बेचाळीस नावं, बेचाळीस वेळा "हजर बाई". मग ताटं. मुली उठल्या, स्वयंपाकाच्या केशरबाई भांडी आवरून घराकडं निघाल्या, की बाई आपलं ताट खोलीत न्यायच्या. देवापुढं नैवेद्य दाखवायच्या आणि भिंतीकडं तोंड करून जेवायच्या. दाराकडं तोंड केलं की येणारी-जाणारी मुलगी अवघडायची, "बाई जेवताय का, मग येते नंतर" म्हणून मागं फिरायची. नंतर काही कुणी यायचं नाही.

माहेर नेकनूरचं. सतराव्या वर्षी धारूरला दिलं. आठ वर्षांत मूल झालं नाही, नवऱ्यानं दुसरी केली, आणि एका सकाळी सासऱ्यानंच एसटीत बसवून दिलं. भांडण नाही, तंटा नाही. तिकीटसुद्धा त्यांनीच काढलं. भावाच्या घरात दहा वर्षं काढली, त्यात बारावी झाल्या. संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव अण्णा गावाकडून ओळखीचे, त्यांनी इथं लावून दिलं. तेव्हापासून बाई इथंच. हाताखालून गेलेल्या मुलींत कुणी नर्स झाली, कुणी तलाठी झाली. पहिल्या दिवाळीला त्यांचा फोन येतो, दुसऱ्या दिवाळीला मेसेज, तिसऱ्या वर्षी नंबर बदललेला असतो.

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी उज्ज्वला नावाची मुलगी वसतिगृहात आली. विद्यापीठात मानसशास्त्राची पीएचडी करत होती. कामाच्या ठिकाणी माणसं एकमेकांशी कशी वागतात, आणि त्याचा तिथं राहणाऱ्या-शिकणाऱ्या मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, असा तिचा अभ्यास. दोन रंगांचे फॉर्म आणले होते. पिवळे कामावरच्या माणसांसाठी, पांढरे मुलींसाठी. नाव कुणीच लिहायचं नव्हतं. प्रत्येक प्रश्नापुढं पाच चौकोन, 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत. आपल्याला लागू पडेल त्यात खूण करायची.

केशरबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांचा पिवळा फॉर्म बाईंनीच विचारून विचारून भरला.

"सहकाऱ्यांशी तुमचे संबंध समाधानकारक आहेत का?"

"सहकारी कोन?" केशरबाई पोळपाटावरून मान वर न करता म्हणाल्या. "ती गॅसची टाकी व्हय?"

"मी, केशरबाई."

"तुमी व्हय! लिवा की, लई चांगले हायेत. तुमी कवा बोलतच न्हाई, तर बिघडंल कशानं?"

बाई हसल्या आणि 'नेहमी'वर खूण केली. स्वतःचा पिवळा फॉर्मही तसाच भरला. वरिष्ठ समजून घेतात का, कामाची विभागणी योग्य आहे का. सगळं नेहमी, नेहमी.

मुलींचे पांढरे फॉर्म गोळा करताना एक कोरा उरला. बबिता बहिणीच्या लग्नाला गावी गेली होती, तिचा. उज्ज्वला वरच्या मजल्यावर मुलींशी बोलत बसली होती. बाईंनी तो कोरा कागद सहज वाचायला घेतला.

'मला जेवताना कुणाची तरी सोबत असते.'

'माझ्या मनातलं मी कुणाला तरी सांगू शकते.'

'मी आजारी पडले तर कुणाच्या तरी लगेच लक्षात येतं.'

बाई खुर्चीवर बसल्या. एकोणीस वर्षांत त्यांना गॅस किती दिवस पुरतो हे विचारलं गेलं होतं, पाण्याचा टँकर कधी आला हे विचारलं गेलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं, आणि आताही विचारलं होतं ते त्यांना नव्हेच. तरी पेन हातात होतं. पहिल्या वाक्यापुढं 'कधीच नाही'. दुसऱ्यापुढं 'कधीच नाही'. देवापुढं माणूस खोटं बोलत नाही, तशा त्या कागदापुढं खोटं बोलल्या नाहीत. वयाचा रकाना कोरा सोडला. शेवटी चार ओळी मोकळ्या होत्या, 'आणखी काही सांगायचं असल्यास लिहा' म्हणून. तिथं त्यांनी लिहिलं: 'मी चार दिवस बोलले नाही तर कुणाच्या ध्यानात येईल, याचा विचार करून पाहिला. एकही नाव आठवलं नाही.'

जिन्यावर चपला वाजल्या. बाईंनी कागद गठ्ठ्याच्या मधोमध सरकवला. उज्ज्वलानं फॉर्म मोजले, बेचाळीस भरले, आणि ती चहा पिऊन गेली. त्या संध्याकाळी मार्गशीर्षाची पोथी वाचताना बाईंना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आपण कुणाला तरी सांगितलं, आणि ते आता मोठ्या शहरात, बाकीच्या कागदांत मिसळून जाईल. कुणाचं काही बिघडणार नाही.

आठव्या दिवशी उज्ज्वला परत आली, तीही अर्जुनराव अण्णांच्या गाडीतून. खालच्या ऑफिसात दार लावून बोलणं झालं. एका फॉर्ममधलं उत्तर काळजीचं आहे, नाव नाही, मी कागद दाखवणार नाही, पण अशा वेळी संस्थेला सावध करणं माझं काम आहे, असं उज्ज्वला म्हणाली. आणि तिनं ती ओळ वाचून दाखवली.

आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना बाईंचे कान तापले. लिहिताना ते एवढं मोठं नव्हतं.

"बाई," अण्णा म्हणाले, "पोरगी हुडका. उद्या काही बरंवाईट झालं तर पेपरात नाव माझं येतंय. तुमचं न्हाई."

"शोधू नका, अण्णा," उज्ज्वला म्हणाली. "सगळ्याच मुलींशी जरा बोला, एवढंच म्हणतेय मी."

"बोलू की. हुडकल्यावर बोलू."

तिथंच सांगायला हवं होतं. 'अण्णा, तो कागद माझा' एवढे चार शब्द. पण चौपन्न वर्षांची बाई, पिकलेले केस, आणि पोरींच्या कागदावर असलं रडगाणं? बेचाळीस लेकरं सांभाळणाऱ्या बाईचंच मन ठिकाणावर नाही, असं अण्णा म्हणाले तर? नेकनूरला भावजयीच्या ओसरीशिवाय दुसरं छप्पर नव्हतं. बाई "बरं" म्हणाल्या.

ऑफिसातलं बोलणं मुलींपर्यंत पोचलं, आणि दोन दिवसांत त्यांनी आपापसांत ठरवूनही टाकलं की ती सुकन्या असणार. सुकन्या अकरावीला होती, धारूरकडच्या धनगराची. आईबाप दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघाले की जूनपर्यंत रानोमाळ. फोन लागला तर लागला. मुलगी अबोल. ताट घेऊन जिन्याच्या टोकाला बसायची. केशरबाईंनी तर सांगूनच टाकलं, "मेंढरांत बगा, आजारी असती ती कडंला हुबी ऱ्हाती. हीबी तशीच बसती."

"कडेला बसते म्हणजे आजारी होते का, केशरबाई?" बाई जरा जोरातच म्हणाल्या.

"आता तुमाला कावून राग आला? तुमी का तिचं वकीलपत्र घेतलंय?"

सुकन्याची खोली बदलली. तिच्याजवळची कात्री काढून घेतली. दोन मुली आळीपाळीनं तिच्यासोबत न्हाणीपर्यंत जायला लागल्या. ती "म्या न्हाई लिवलं" म्हणायची आणि त्या माना डोलवायच्या. तिसऱ्या दिवशी अण्णांचा निरोप आला: बापाला बोलावलंय, घेऊन जाईल, जबाबदारी नको.

गेली म्हणजे ती परत यायची नाही, हे बाईंना समजत होतं. मेंढरांमागं चालायला लागली की पुस्तक सुटतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात कुणीतरी स्थळ काढतं. बाईंनी सकाळी देवापुढं हात जोडले, पण मागायला काही सुचेना. जे करायचं ते देवानं करायचं नव्हतंच.

तात्याबा दुपारी आले. शेवगावच्या पुढं मेंढरं भावावर टाकून, दोन एसट्या बदलून. खांद्यावर घोंगडी, जाड वहाणा ऑफिसच्या दाराबाहेर काढून ठेवलेल्या. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. उज्ज्वलाही आली होती. सुकन्या भिंतीला टेकून उभी होती, पायाच्या अंगठ्यानं फरशी खरडत.

"पोरीनं काय चोरीबिरी केली का, अण्णा?" तात्याबांनी विचारलं.

"चोरी न्हाई हो. मनानं खचलीय ती. घरी घेऊन जावा."

"घर कुठंय आता? आमी रानात हाव," तात्याबा म्हणाले, आणि मुलीकडं वळले. "काय गं? काय दुकतंय का?"

"म्या न्हाई लिवलं, आबा," सुकन्या म्हणाली. तिला रडूही येत नव्हतं. "कुनीच ऐकत न्हाई."

बाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. ट्रे त्यांनी टेबलावर ठेवला.

"ती खरं बोलतेय, अण्णा. तो कागद माझा हाय."

अण्णांनी आधी हसून घेतलं. "बाई, पोरीला वाचवायला तुमी कायबी बोलू नका."

"मोजून बघा. त्या दिवशी बबिता लग्नाला गेलती. पोरी एक्केचाळीस होत्या, कागद बेचाळीस भरले. वयाचा रकाना कोरा असंल त्यात. शेवटची ओळ मी इथंच बसून लिहिली, त्या खुर्चीवर."

उज्ज्वलानं पिशवीतून कागद काढला, रकाना पाहिला आणि कागद परत ठेवला. अण्णांना कुठं बघावं ते कळेना.

"तुमाला काय कमी हाय इथं?" ते शेवटी म्हणाले. खरंच विचारत होते. "राहायला खोली हाय, दोन वेळचं जेवण हाय, पोरी मान देतात."

"काही कमी न्हाई, अण्णा."

तात्याबांनी कप उचलला, चहा बशीत ओतला, फुंकर घालून प्यायला आणि कप खाली ठेवला. "मंग पोरगी ऱ्हाऊ द्या हितंच," ते म्हणाले. "माजी मेंढरं खोळंबल्यात." दारात वहाणा घालता घालता वळून त्यांनी बाईंना विचारलं, "ताई, तुमचा लंबर देता का? पोरीच्या फोनला कवा रेंज असती कवा नसती." बाईंनी कागदाच्या चिठोऱ्यावर नंबर लिहून दिला. त्यांनी तो टोपीच्या आत खोचला.

अण्णांनी बाईंना काढलं नाही. माणूस तसा वाईट नव्हता. "आठ दिवस गावाला जाऊन या, भावाकडं. बरं वाटंल," एवढंच म्हणाले. उज्ज्वला जाताना खोलीत आली. तिचे डोळे ओले होते. "मावशी, हा फॉर्म मला अभ्यासात धरता येणार नाही. तो विद्यार्थिनींसाठी होता ना. तुमचा तुम्हाला परत देते." ती बराच वेळ हात धरून बसली, एक फोन नंबर लिहून दिला, मोकळेपणानं बोलता येईल अशा डॉक्टरबाईंचा. मग तिची गाडी निघायची वेळ झाली. बेचाळिसावा कागद परत बाईंकडं आला. त्यांनी तो पोथीत ठेवला.

सुकन्यानं जिन्यात गाठलं. "तुमाला ठावं हुतं," ती म्हणाली. "तीन दिवस तुमी गप कावून बसलाव?"

"लाज वाटली, बाळा."

"मला न्हाई का वाटली?"

बाईंनी तिची कात्री परत दिली. ती घेऊन सुकन्या वर गेली.

नेकनूरला भावानं चांगलं केलं. भावजयीनं ओसरीत सतरंजी टाकून दिली, चहाबरोबर बिस्किटं दिली. पण घर आपापल्या कामात होतं. टीव्ही चालू, नातवंडांच्या हातात मोबाईल. पहिल्या दिवशी बाई थोडं बोलल्या, मग त्यांना वाटलं, बघूयात तरी. लिहिलं होतं ते खरं आहे का? दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. मारुतीला जाऊन आल्या, तुळशीला पाणी घातलं, भावाच्या सुनेला भाजी निवडून दिली, तोंडातून शब्द काढला नाही. चौथ्या दिवशी दुपारी भावजय शेजारणीला म्हणत होती, "आमच्या वन्सं म्हंजे गायीवानी. त्येंचा कायच तरास न्हाई." बाईंनी पिशवी भरली आणि पाचव्या दिवशी सकाळच्या एसटीनं बीडला परतल्या.

"लौकर आलाव?" केशरबाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाल्या, "बरं झालं. टाकी संपलीय."

सात वाजता हजेरी झाली. बेचाळीस नावं. सुकन्याच्या नावाला "हजर" आलं, त्यापुढं "बाई" आलं नाही. मुली जेवून गेल्या. बाईंनी ताट खोलीत आणलं, नैवेद्य दाखवला, भिंतीकडं तोंड करून बसल्या. पहिला घास घेणार तोच फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडून वारा आणि मेंढरांचं ओरडणं.

"ताई, तात्याबा बोलतोय, सुकन्याचा बाप. पोरगी जेवली का?"

"जेवली. दोन भाकरी खाल्ल्या."

"बोलती का कुनाशी?"

"माझ्याशी न्हाई बोलत अजून."

"बोलंल. रागीट हाय, आईवर गेलीय." वाऱ्यानं पुढचं काही ऐकू आलं नाही. कुत्रं भुंकलं, तात्याबांनी कुणाला तरी हाक मारली. बाईंना वाटलं, फोन कटला. मग रानातला माणूस कुणालाही विचारतो तसं, फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "आन तुमी जेवलाव का?"

बाई भिंतीकडं बघत राहिल्या. पोपडा निघालेला होता, तो त्यांना पाठ होता.

"न्हाई अजून," त्या म्हणाल्या. "आता बसलेय."

"बसा मंग. गार हुईल."

फोन बंद झाला. भाकरी गार झालीच होती. बाईंनी ताट उचललं, पाट फिरवला, दाराकडं तोंड करून बसल्या आणि जेवल्या. बाहेरून कुणीच गेलं नाही.